जुन्या मदरबोर्डाचे कपॅसिटर बदलताना

सॉकेट ए चा, म्हणजे एएमडीच्या जुन्या प्रोसेसरांसाठीचा, एक बोर्ड होता. बटण दाबलं की पंखा फिरायचा, स्क्रीन मात्र काळी. चार-पाचदा बंद-चालू केल्यावर कुठे गाडी सुरू व्हायची, आणि एकदा गरम झाला की दिवसभर कुरकुर नाही. अशी लक्षणं असली की मी आधी प्रोसेसरभोवतीचे कपॅसिटर, म्हणजे वीजपुरवठा स्थिर ठेवणारे छोटे डबे, बघतो. जुन्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचा ईएसआर, म्हणजे आतला रोध, थंड असताना आणखी वाढतो.

2000 नंतरच्या काही वर्षांत सदोष इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर कितीतरी बोर्डांवर बसले. आत वायू साठतो आणि वरचं खाचा असलेलं डोकं फुगतं. इथेही काही फुगलेले, एकावर तपकिरी खपली. बाकीच्यांची डोकी सपाट होती, पण त्यावर माझा भरवसा नसतो. काही खालच्या रबरी बुचातून गळतात. पूर्ण रांगच बदलायला घेतली. नवे 3300 मायक्रोफॅरडचे, 6.3 व्होल्ट, 105 अंश तापमान सोसणारे, लो ईएसआर. साधे घेतले तर मेहनत पाण्यात.

काढताना प्लसचा पाय पटकन सुटतो. खरा घाम काढतो तो ग्राउंडचा. तो आतल्या तांब्याच्या थराला जोडलेला असतो आणि तो थर सगळी उष्णता ओढून घेतो. बारीक टोकाचं सोल्डरिंग आयर्न तिथे नुसतं चिकटून बसतं. मी रुंद टोक लावलं, जुन्या सांध्यावर शिसंवालं ताजं सोल्डर आणि ते नीट वाहावं म्हणून फ्लक्स दिला. एक पाय तापवायचा, कपॅसिटर किंचित कलता करायचा, मग दुसरा पाय. जोर लावायचा नाही. भोक सोल्डर ओढायच्या पंपाने साफ होईना, तेव्हा मागून आयर्न लावून स्टीलची सुई फिरवली. ड्रिल मात्र नाहीच: भोकाच्या आतला तांब्याचा मुलामा बोर्डाचे थर जोडतो, तो गेला की बोर्ड गेला.

कपॅसिटरवर पट्टी असलेली बाजू मायनस. बोर्डावरची खूण मात्र सगळ्या कंपन्यांची सारखी नसते, म्हणून काढण्याआधीच फोटो घेतले होते.

पहिल्याच बटणाला बीप आली. मेमटेस्ट, म्हणजे मेमरी तपासणारा प्रोग्राम, रात्रभर चालवली, एकही एरर नाही. मग पॉवर सप्लायच्या जाळीतून टॉर्च मारली तर तिथेही फुगलेली डोकी! सप्लाय उघडला नाही, सरळ नवा लावला. प्लग काढल्यावरही सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणं व्होल्टेज राहू शकतं.