काळ्या काचेआडचा मोबाइल

पुण्यात नळ स्टॉपला ट्रॅफिकची ड्युटी लागली की मी दुभाजकाच्या टोकाला उभी राहते. स्टीअरिंग त्याच बाजूला, म्हणून ड्रायव्हरचे हात दिसतात. फोनवर बोलणारा लगेच कळतो. खांदा वर, मान वाकडी. मांडीवर ठेवून टाइप करणारा मात्र गाडीच्या चालीवरूनच ओळखावा लागतो. सिग्नल सुटला तरी हलत नाही, मागून हॉर्न सुरू झाले की दचकतो आणि एकदम गाडी सोडतो. तोवर दुचाकीवाले कंटाळून त्याच्या पुढे घुसलेले असतात.

त्या संध्याकाळी पांढऱ्या एसयूव्हीने नेमकं हेच केलं. पुढे घुसलेली स्कूटरवाली थोडक्यात वाचली. पाय टेकवताना तिची चप्पल सुटून चाकाखाली गेली. सातची वेळ, वर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो, त्यामुळे खाली तसाही अंधार. गाडीच्या काचा चारी बाजूंनी काळ्या, समोरचीसुद्धा. फिल्मची हौस असणारेही बहुतेक समोरची काच सोडतात. याने तीही सोडली नव्हती. आत हनुवटीएवढ्या उंचीवर निळसर उजेड दिसला आणि विझला. माणूस काही दिसला नाही.

शेजारी पीएमपीची बस होती. तिच्या ड्रायव्हरने उंचावरून ओरडून सांगितलं, "मॅडम, मांडीवर मोबाइल आहे त्याच्या, मघापासून बोटं चाललीयेत!" रात्रीच्या वेळी काळ्या काचेतून माणूस दिसला नाही तरी पेटलेला स्क्रीन वरून बघणाऱ्याला दिसतो. पण बस गच्च भरलेली, मागे रांग. तो निघून गेला. साक्षीला कोण थांबणार?

मी गाडी कडेला घेतली आणि ई-चलानच्या मशीनवर फोटो काढला. स्वतःच्या मोबाइलवर फोटो काढून नंतर चलान टाकायला आम्हाला मनाई आहे, आणि ते बरोबरच आहे. फोटो बघितला तर काचेत मीच. पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी, मागे पुलाचा खांब. मोबाइलच्या केसचा पुरावा म्हणून हा फोटो लावला असता तर आरोपी मीच ठरले असते.

काच चार बोटं खाली आली. डॅशबोर्डवरच्या होल्डरमध्ये एक फोन, त्यावर मॅप चालू.

"मॅप बघत होतो, मॅडम. मॅप चालतो ना?"

चालतो. 2020 पासून नियमच आहे, लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने फक्त रस्ता शोधण्यासाठी फोन वापरता येतो. कारमध्ये हातात मोबाइल सापडला तर आपल्याकडे 2000 रुपये, काळ्या काचेला पहिल्यांदा 500. काच खाली यायला जे चार-पाच सेकंद लागतात, तेवढ्यात 2000 ची केस 500 वर येते. फिल्मचा धंदा करणारे उन्हाचं कारण सांगतात. माझ्या मते निम्मी फिल्म या चार-पाच सेकंदांसाठीच विकली जाते.

"आणि फिल्मचं काय?" मी विचारलं.

त्याने ग्लोव्ह बॉक्समधून कागद काढला. फिल्म 50 टक्के उजेड आत सोडते, असं प्रमाणपत्र. पुढे वकिली सुरू झाली : सर्वोच्च न्यायालयाचा 2012 चा फिल्मबंदीचा निकाल जुना झाला, 2021 पासून नियम बदलला, केरळच्या उच्च न्यायालयानेही 2024 मध्ये फिल्मला परवानगी दिली. ऐकून होता सगळं. मी म्हटलं, "परवानगी आहे असं धरू. पण उजेड मोजायचा तो काच आणि फिल्म मिळून. बाजूच्या काचेतून 50 टक्के आणि समोरच्या-मागच्या काचेतून 70 टक्के आत यायला पाहिजे. कंपनीची काच मुळात 70 टक्के सोडते असं धरा, त्यावर तुमची 50 वाली फिल्म. सत्तरचे निम्मे किती?"

"पस्तीस," मागून स्कूटरवाली बाई म्हणाली. एका पायात चप्पल नसतानाही ती थांबली होती. "आणि मॅडम, त्याच्यावर मोबाइलची पण टाका."

तिला विचारलं, लेखी द्याल का? मुलाला क्लासवरून आणायचंय म्हणाली आणि गेली. तिच्यावर रागवावं असं काही नव्हतं.

उजेड मोजायचा मीटर पॉइंटवर नव्हता, पण समोरच्या काचेसाठी मीटरची गरजही नव्हती. आतला माणूस दिसत नाही एवढं पुरे होतं. फिल्म इथेच उतरवा म्हटलं. कुरकुर करत त्याने नखाने कोपरा सोडवला. फिल्म सरळ निघत नाही, फाटत फाटत येते, चिकट पट्टे काचेवर राहतात. तो वाकून ओढत होता आणि ड्रायव्हरच्या सीटवर काहीतरी घरघरलं. बघितलं तर दुसरा फोन, मघापर्यंत मांडीखाली असणार.

"हा कुणाचा?"

"मिसेसचा. विसरली गाडीत."

आता यावर काय करणार? गाडीत दोन फोन असणं गुन्हा नाही. निळा उजेड मी पाहिला होता, पण ऑनलाइन तक्रार आली की साहेब फोटो मागणार, आणि फोटोत मी. मोबाइलचं कलम सोडून दिलं, काचेचं लावलं. गाडी त्याच्याच नावावर होती. मशीनमध्ये नंबर घातला, 500 चं चलान टाकलं आणि सांगितलं, "गाडीला जो नंबर जोडलाय त्याच्यावर मेसेज येईल."

होल्डरमधला फोन गप्पच राहिला. सीटवरचा घरघरला. त्याने तो उचलला, अंगठा टेकवून उघडला, मेसेज वाचला आणि मला म्हणाला, "आला, मॅडम."