आजींनी पकडलेला फॉल्ट

मी कॅलिफोर्नियात बे एरियामधल्या एका छोट्या जुन्या-कॉम्प्युटर म्युझियममध्ये रिपेअर बेंचवर काम करते. आमच्याकडं शनिवारी मशीन्स लोकांना खरंच हाताळायला मिळतात, काचेआड नाही. त्या शनिवारी अटारी ८०० या जुन्या घरगुती कॉम्प्युटरवर शेमस हा गेम लावला होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, शेमस १९८२ चा गेम, सिनॅप्स सॉफ्टवेअरचा, कॅथरिन मटागा यांनी लिहिलेला. सिनॅप्स रिचमंडची, अटारी सनीव्हेलची, म्हणजे गेम आणि मशीन दोन्ही इथलीच. तुम्ही डिटेक्टिव्ह, रोबॉटनी भरलेल्या भुलभुलैयात शिरायचं, गोळ्या झाडत किल्ल्या शोधायच्या, कुलपं उघडायची आणि शॅडो नावाच्या व्हिलनच्या अड्ड्यापर्यंत पोचायचं. चार लेव्हल, प्रत्येकीत ३२ खोल्या. १९८० ला आर्केडमध्ये बर्झर्क नावाचा गेम आला होता त्याचीच ही जातकुळी, पण बर्झर्कमध्ये खोली सोडली की विषय संपला, इथं नकाशा पक्का आहे, कुठली किल्ली कुठल्या कुलपाची हे डोक्यात ठेवावं लागतं, आणि म्हणूनच मला तो बर्झर्कपेक्षा कितीतरी मोठा गेम वाटतो. शॅडो तर असला बेकार आहे, खोलीत रेंगाळलात की स्वतः येतो, भिंतीतून आरपार, गोळी मारली तरी मरत नाही, थोडा वेळ थिजतो फक्त. आणि मुख्य म्हणजे भिंतीला नुसता स्पर्श झाला तरी आपला माणूस खलास.

सकाळी सगळं मस्त चाललं. मग जेवायच्या वेळेच्या आसपास बघते तर पोरं पटापट मरायला लागली, रोबॉटच्या हातून नाही, भिंतीला लागून. एक दहाएक वर्षांचा मुलगा रडकुंडीला आला, मी लावलंच नाही भिंतीला म्हणाला, तर त्याचे बाबा म्हणाले नीट धर की जॉयस्टिक. मी ती जॉयस्टिक बदलून दिली, फरक शून्य. मुलगा मान खाली घालून निघून गेला, ते मला फार लागलं.

त्याच्यानंतर एक आजी बसल्या, सांगलीच्या, लेकीकडं आलेल्या. नातवानं स्टार्ट दाबून दिलं आणि आजी दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसत्या बघत बसल्या. मी मराठीत बोलतेय हे त्यांना आधीच कळलं होतं, मला हाक मारून म्हणाल्या, "अगं पोरी, मी हात पण लावला नाही, हा कुठं निघाला?"

बघितलं तर माणूस बारीक झटका देऊन डावीकडं सरकला, थांबला, परत सरकला. पोरांच्या हातात जॉयस्टिक असताना हे कुणालाच दिसणार नव्हतं, कारण प्रत्येकाला वाटायचं आपल्याच हातून झालं.

आता ही जॉयस्टिक म्हणजे आजच्या कंट्रोलरसारखी नाही की झिजून ड्रिफ्ट होईल, म्हणजे हात न लावता आपोआप एका बाजूला सरकेल. आत फक्त पाच स्विच, चार दिशा आणि एक फायर, दाबलं तर लाइन ग्राउंडला जाते, नाहीतर नाही. म्हटलं हे आतलंच काहीतरी. टेबलावर "काही वेळ बंद" ची पाटी ठेवली आणि मशीन बेंचवर आणून बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेची कार्ट्रिज घातली (८०० चं कार्ट्रिजवरचं झाकण उघडलं की पॉवर आपोआप कट होते, फार छान सोय) आणि एका ओळीचा प्रोग्रॅम लिहिला, स्टिक(०) ची, म्हणजे पहिल्या पोर्टवरच्या जॉयस्टिकची, व्हॅल्यू छापत राहायची. काही दाबलं नसेल तर १५ यायला पाहिजे, डावीकडं म्हणजे ११. जॉयस्टिक चक्क काढून टाकली होती, आणि स्क्रीनवर १५, १५, १५, ११, १५, मग परत ११. दुसऱ्या पोर्टवर मात्र स्वच्छ १५.

मग सगळे स्क्रू काढून ते जाडजूड ॲल्युमिनियमचं शील्ड उतरवलं. जॉयस्टिकच्या दिशांच्या लाइन ६५२० नावाच्या पीआयए चिपवर येतात, ती बाहेरचे सिग्नल कॉम्प्युटरला वाचून देते. तिच्यावर फ्रीझ स्प्रेचा, म्हणजे भाग झटकन थंड करणाऱ्या स्प्रेचा, एक फवारा मारला, ११ गायब. चिप गरम व्हायची वाट बघितली, ११ परत हजर. परत फवारा, परत गायब. मला एवढा आनंद झाला ना, कारण गरम झाल्यावरच येणारा फॉल्ट असा समोर उभा राहणं म्हणजे नशीबच. नशिबानं चिप सॉकेटमध्येच होती, सुट्या भागांसाठी ठेवलेल्या डोनर मशीनमधली काढून बसवली. माझा अंदाज स्टॅटिकचा, म्हणजे अंगावर साठणाऱ्या स्थिर विजेच्या झटक्याचा आहे, हिवाळ्यातली कोरडी हवा, खाली कार्पेट, आणि दिवसभर लोक पोर्टच्या उघड्या पिनांना हात लावणार.

मला सगळ्यात भारी वाटतं ते हे की दुसरा कुठला गेम असता तर हे महिनोन् महिने कळलंच नसतं. स्पेस इन्व्हेडर्समध्ये तोफ केसभर डावीकडं सरकली तर कोण बघतंय? शेमस एवढा कडक आहे म्हणून एक चुकार ११ सुद्धा जिवावर बेतलं.

मशीन परत लावेपर्यंत आजी आणि नातू थांबले होते. नातवानं पहिली किल्ली मिळवली, आजी मागनं "उजवीकडं, उजवीकडं" ओरडत होत्या. आधीच्या मुलाला मी सगळीकडं शोधलं, तो गेला होता, म्हणून फ्रंट डेस्कवर सांगून ठेवलं की तो परत आला तर त्याला सांगा, चूक तुझी नव्हती, मशीनची होती. आता टेबलाखाली अँटिस्टॅटिक मॅट आहे, आणि फ्लोअरवर जाणारं प्रत्येक अटारी आधी तासभर तापवून, जॉयस्टिक न लावता, मी त्याच्यावर शेमस सुरू करून बघते.