विहिरीच्या मलब्यातले दगड: क्वार्ट्ज कोणता, ॲपोफिलाईट कोणता (अपडेट)

मंडळी, जामनेरकडच्या विहिरीच्या मलब्यातून आणलेली पेटी जवळजवळ सगळी निवडून झाली. तापीकाठी गाळाचा जाड थर आहे, तिकडच्या विहिरीत हा माल मिळत नाही, दक्षिणेला काळा पाषाण वर येतो तिथेच खोदताना पोकळ्या फुटतात आणि आत स्फटिक, गारगोटी, झिओलाईट (अशाच पोकळ्यांत वाढणारी खनिजं) सगळं एकत्र निघतं.

रंगावरून काहीच ठरवू नका हे माझं ठाम मत झालंय. पांढरं पारदर्शक म्हणजे क्वार्ट्ज (गारगोटीचं खनिज) असं आपल्याकडे धरून चालतात, पण जळगाव परिसर ॲपोफिलाईट ह्या खनिजासाठी जगभर ओळखला जातो आणि तोही पाण्यासारखा स्वच्छ असतो. क्वार्ट्जचा खांब सहा बाजूंचा आणि त्यावरच्या बारीक रेघा आडव्या, ॲपोफिलाईटचा आकार चौकोनी, रेघा उभ्या, आणि वरच्या सपाट तोंडावर मोत्यासारखी चमक. ॲपोफिलाईट सरळ थरात फुटतो, क्वार्ट्ज तसा फुटत नाही, त्याची फूट काचेसारखी गोलाकार लाटांची असते.

टोक तुटलेले तुकडे मात्र वजनावर घ्यावे लागले. सोनाराकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा घेतलाय, त्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्य करायचा, दगड दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून लटकवायचा, तळाला आणि कडेला लागू द्यायचा नाही, काटा जो आकडा दाखवेल त्याने दगडाच्या कोरड्या वजनाला भागायचं. एक तुकडा ४२.६ ग्रॅमचा, पाण्यात आकडा १६.१, म्हणजे घनता २.६५, सरळ क्वार्ट्ज. दुसरा दिसायला अगदी तसाच, तो २.३५ आला, ॲपोफिलाईट. दगडावर बुडबुडे चिकटले तर आकडा बिघडतो, म्हणून ब्रशने झाडून घ्या.

कॅल्साईट (चुनखडीचं खनिज) इथे त्रास देतो कारण त्याची घनता २.७१, छोट्या तुकड्यात फरक कळतच नाही. पण त्याची कठिणता (१ ते १० च्या मापावर) फक्त ३, क्वार्ट्जची ७, काचेच्या तुकड्यावर घासलं की लगेच कळतं, क्वार्ट्ज ओरखडा काढतो, कॅल्साईट नाही (चांगल्या टोकावर कृपा करून हा प्रयोग करू नका, मागची बाजू वापरा). व्हिनेगरमध्ये कॅल्साईटची थोडी पूड टाकली तर फसफसतेही.

अकीक आणि साधी कॅल्सिडनी २.६० च्या आसपास येतात. तेही क्वार्ट्जच, पण सूक्ष्म कणांचे, मधे बारीक छिद्रं असतात म्हणून हलके. ह्याच छिद्रांत रंग मुरतो, बाजारात त्या भडक निळ्या-गुलाबी चकत्या दिसतात त्या बहुतेक रंगवलेल्या.

राहिला जांभळा. एका मित्राने पैलू पाडलेला ॲमेथिस्ट (जांभळा क्वार्ट्ज) म्हणून विकत घेतलेला खडा तपासायला दिलाय. लॅपटॉपची एलसीडी स्क्रीन पांढरी ठेवून त्यासमोर पोलराईज्ड गॉगल अंधार होईपर्यंत फिरवला, मधे खडा धरून फिरवला तर एका फेऱ्यात चार वेळा उजळला-काळा झाला. साधी काच असती तर काळीच राहिली असती. एखाद्या दिशेने क्वार्ट्जही असा बदल दाखवत नाही, तेव्हा खडा दोन-तीन बाजूंनी धरून बघा. साधी काच नाही एवढं नक्की, पण तो क्वार्ट्जच आहे का, आणि असला तर नैसर्गिक की लॅबमध्ये वाढवलेला हे ह्यातून कळत नाही, नैसर्गिक आणि लॅबच्या क्वार्ट्जचे आकडे सारखेच, त्यासाठी लॅबला द्यावा लागेल. तोवर मित्राला सांगितलंय की मे महिन्यातल्या जळगावच्या उन्हात खिडकीत ठेवू नको, ॲमेथिस्टचा रंग जास्त उन्हाने फिका पडू शकतो.