येऊरची कळलावी आणि हातातला फ्लॅश

काळ्याकुट्ट पार्श्वभूमीवर उजळून निघालेलं फूल हा फ्लॅशचा सगळ्यात सोपा चमत्कार. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता) १००, शटर (उघडा राहण्याचा वेळ) १/२०० सेकंद, ॲपर्चर (लेन्समधलं छिद्र; आकडा मोठा तसं छिद्र लहान) एफ/११ ठेवा. पावसाळी दिवसाच्या मंद उजेडातलं मग कॅमेऱ्याला फारसं काही दिसतच नाही. दिसतं ते फक्त फ्लॅशने दाखवलेलं. फ्लॅश फुलापासून वीतभर आणि भिंत दोन हात मागे. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, त्यामुळे भिंतीपर्यंत पोचेस्तोवर काही उरत नाही. ठाण्यातल्या आमच्या गॅलरीत जास्वंदीचे असे कितीतरी फोटो काढले. लोकांना आवडले. मला मात्र ते दागिन्यांच्या जाहिरातीसारखे वाटायला लागले. मला हवी होती ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलातली, पावसाळ्यात फुललेली कळलावी, तीही मागच्या हिरव्यागार झाडीसकट.

त्यासाठीची तयारी गॅलरीतच झाली. कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा फ्लॅश इतक्या जवळून कामाचा नाही. समोरून पडणारा उजेड पाकळीवरच्या शिरा पुसून टाकतो, वर लेन्सची सावली फुलावर पडते ती वेगळीच. म्हणून फ्लॅश कॅमेऱ्यापासून दूर धरूनही बिनतारी उडवता येईल असे रेडिओ ट्रिगर घेतले, एक कॅमेऱ्यावर आणि एक फ्लॅशच्या खाली. टीटीएल, म्हणजे फ्लॅशची ताकद कॅमेऱ्यानेच ठरवण्याची सोय, बंद करून टाकलं. ते दर फोटोला स्वतःचं डोकं चालवतं आणि पांढऱ्याशुभ्र तगरीला राखाडी करून सोडतं. मॅन्युअलवर ताकद एकदा बसवली की फ्लॅश आपण सांगू तेवढाच उजेड देतो.

शिकायला जास्वंदीइतकं चांगलं फूल नाही. मधोमध लांब दांडा, त्यावर पिवळे परागकोश, टोकाला पाच लाल गोंडे. फ्लॅश बाजूने धरला की दांड्याची सावली पाकळीवर पडते आणि फुलाला खोली येते. मागून धरला की पाकळी आतून पेटते, शीर न् शीर मोजता येते. मी मागून थोडा डावीकडे ठेवते आणि पुढच्या बाजूने पांढरी कार्डशीट धरते, म्हणजे पुढचा भाग काळा पडत नाही. उजेड मऊ करणारा डिफ्यूझर म्हणजे मिठाईच्या खोक्याचं झाकण, मध्ये चौकोन कापून त्यावर बटर पेपर चिकटवलेला. विकतचे चांगले असतीलही, पण उजेड मऊ होतो तो किमतीने नव्हे, फुलाच्या मानाने डिफ्यूझर किती मोठा आहे त्यावर. तीन-चार इंचांवर आणलं की ते झाकणसुद्धा फुलाला आभाळाएवढं होतं.

किती खोलवरचा भाग स्पष्ट येणार, याचं गणित मात्र निर्दय आहे. १:१ ला, म्हणजे फूल सेन्सरवर मूळ आकाराइतकंच उमटतं तेव्हा, एफ/११ वर जेमतेम एक मिलिमीटर भाग स्पष्ट येतो. एफ/२२ करावं तर डिफ्रॅक्शनने, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरल्याने, सगळंच मऊ पडतं. एक पाऊल मागे सरकणं हाच त्यातला शहाणपणा; फूल लहान येतं, पण जास्त भाग स्पष्ट येतो.

येऊरला उपवन तलावाच्या बाजूने चढलो. फ्लॅश धरायला भाचा. हा भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातला, त्यामुळे फूल तोडायचं नाही, वेल ओढायचा नाही. शिवाय कळलावी विषारी, कंद तर फारच. तिचं फूल खाली मान घालतं आणि सहाही नागमोडी पाकळ्या उलट वर वळतात. पुंकेसर चहूबाजूंना पसरलेले. म्हणून उजेड वरून आणि मागून हवा.

"मावशी, अजून किती वेळ? हात भरून आला."

"जरा वर घे रे. अजून मागे. हां, हलू नको आता."

आधी फ्लॅश बंद ठेवून नुसती झाडी मोजली. एफ/८, आयएसओ ४००, शटर १/६० ला हिरवं साधारण एक स्टॉप, म्हणजे निम्म्या उजेडाइतकं, दबलेलं आलं. तेच हवं होतं. मग फ्लॅश सुरू केला, पूर्ण ताकदीच्या १/३२ वर. सगळी गंमत इथे आहे: शटर मंद केलं तर मागची झाडी उजळते, पण फुलावरचा फ्लॅशचा उजेड तसाच राहतो, कारण फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात येऊन जातो. म्हणजे झाडी शटरने सांभाळायची आणि फूल फ्लॅशने. ढगाळ उजेडापेक्षा फ्लॅश किंचित उबदार असतो, तेवढाच फरक छान दिसला. फ्लॅशवर रंगीत जेल (उजेडाचा रंग बदलणारी पातळ फिल्म) लावावी लागली नाही.

याची किंमत वाऱ्यात मोजावी लागते. १/६० ला फूल हललं की स्पष्ट पाकळीभोवती दुसरी पुसट कडा उमटते. खाली पडलेली काडी जमिनीत खोचून कपड्याच्या चिमट्याने वेलाचा देठ अलगद टेकवला, तरी झुळूक थांबेपर्यंत वाट पाहावी लागलीच. भाच्याचं तोंड तोवर बघण्यासारखं झालं होतं.

शेवटचा घोळ लाल रंगाचा. कॅमेऱ्यावरचा साधा हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, बहुतांशी हिरव्याच्या हिशोबाने चालतो, त्यामुळे तो सगळं ठीक दाखवत असताना लाल पाकळीतला तपशील जळून गेलेला असतो. लाल चॅनेल, म्हणजे फक्त लाल रंगाचा आलेख, वेगळा पाहून फ्लॅशची ताकद १/६४ केली, तेव्हा पाकळीवरच्या रेषा परत आल्या. त्यात कळलावी जुनी होते तशी तिच्यातला पिवळा सरून लाल वाढत जातो. ताज्या फुलावर साधा हिस्टोग्राम वेळेवर सावध करतो, शेजारच्या जुन्या फुलावर नाही. म्हणून एकाच वेलावरच्या दोन फुलांसाठीसुद्धा लाल चॅनेल पुन्हा तपासावा लागतो.