हेज ट्रिमर: जोडपॅक बंद पडला, आणि उन्हाळ्याचा मुक्काम बदलला

मंडळी, कुंपणाची झुडपं छाटायच्या यंत्राचा स्वस्तातला जोडपॅक, म्हणजे जोडीला घेतलेला बॅटरी पॅक, अखेर बंद पडला. चार्जरवर हिरवा दिवा, पॅकवर चारही ठिपके, आणि कडू मेंदीच्या जाड फांदीला पातं लागलं की यंत्र गप्प. बटण सोडून पुन्हा दाबा, जरासं फुरफुरतं, परत गप्प.

आधी संशय पात्यावर. पॅक काढून बाजूला ठेवला (हे प्रत्येक वेळी, विसरायचं नाही), दात्यांतला वाळलेला चीक डिझेलच्या बोळ्यानं काढला, बोल्ट आवळून पाव आटा मागं घेतले, शिलाई मशीनचं तेल सोडलं. जुना पॅक लावला तर तीच फांदी कट्‌कन खाली. यंत्र निर्दोष. त्या आवाजासाठी मी दोनचार फांद्या उगीचच जास्त छाटल्या.

मग मल्टीमीटर. मोकळा पॅक २०.२ व्होल्ट. पाच सेलच्या पॅकला भरल्यावर २१ हवेत, म्हणजे नाव ठेवावं असं काही नाही. पण लोड आला की आकडा धाडकन खाली. नांदेडच्या दुरुस्तीवाल्या मामांनी पॅक उघडला तेव्हा कळलं: चार सेल ४.१५ वर, एकटा ३.६ वर. चार्जिंगला ते चौघं आधी ४.२ गाठतात, बीएमएस (पॅकमधलं राखणदार सर्किट) तिथंच तोडतं, पाचवा अर्धपोटी राहतो. छाटताना तोच आधी तळाला जातो आणि बीएमएस सगळंच बंद करतं. ठिपके एकूण व्होल्ट दाखवतात, त्यांना या भानगडीचा पत्ताच नसतो. बीएमएसला शिव्या देऊ नका, ते बिचारं आपलं काम करतंय.

लेबलवर ‘८८ व्हीएफ’ (नुसतं नाव, व्होल्ट नव्हेत) आणि १५,००० एमएएच (क्षमतेचं माप)! आत १८६५० मापाचे पाच सेल, एकामागं एक. अशा जोडणीत क्षमता एकाच सेलची, आणि या मापाचा चांगल्यातला चांगला सेलसुद्धा ३,५०० च्या आसपास. एका सेलचं वजन साधारण ४५ ग्रॅम. दहा सेलचा पॅक अर्ध्या किलोच्या आत भरत असेल तर लेबल कितीही बोलू दे, आत दहा नाहीत. किराणा दुकानाचा काटा लेबलपेक्षा खरा.

मामा म्हणाले, “एकच सेल बदलून देतो, स्वस्तात होईल.” नको म्हटलं. जुन्या चौघांत नवा एक घातला की पुन्हा तीच ओढाताण. पाचही एका जातीचे, स्पॉट वेल्डिंगनं, आणि सगळे सेल सारखे भरणारं, बॅलन्सवालं बीएमएस. सेलवर तापलेलं सोल्डरिंग आयर्न टेकवणाऱ्याकडं पॅक देऊच नका.

आता उन्हाळ्यात पॅक ठेवायचा कुठं, ते. मेमधे टिनाच्या शेडमधे दुपारी ४९ अंश दिसले. लिथियमला भरलेला पॅक आणि उष्णता ही जोडी सर्वांत वाईट, म्हणून निम्म्या चार्जवर ठेवायचा, हे ठरलेलंच. कूलरची खोली गार, पण दमट. टर्मिनलवर हिरवट थर चढतो. जुन्या घराच्या माळवदाखाली मात्र त्याच वेळी ३४. पांढऱ्या मातीचा थर अजून कुणाला हरलेला नाही.

तिथंच फळी ठोकणार होतो, पण हे लिहिता लिहिता आठवलं, दिवाळीनंतर त्या खोलीत कापूस असतो. वर लाकडी खांडं, खाली कापूस, मधे लिथियम? नाही जमायचं. फळी रद्द. दगडी भिंतीतल्या देवळीत मातीचं गाडगं, वर सैल झाकण, टर्मिनलवर टेप, आणि कापूस आला की गाडगं ओसरीवर. फुगलेला पॅक असला तर घरातच नको.

पात्याला उन्हाचं काही नाही. ते तेल लावून, म्यान चढवून, शेडमधेच राहील. तिथली हवा कोरडी ठणठणीत. मृग लागला की शेड गळायला लागते, तेव्हा त्याची सोय कुठं करायची ते अजून ठरायचंय. चार्जर मात्र आत्ताच पत्र्याच्या पेटीत घातला, वायरीला उंदरांनी दात लावलेत.