केसांचा काटा : आठव्या महिन्याची नोंद

आठ महिन्यांपूर्वी अंबाड्यात खोवायचा दोन दात्यांचा पहिला काटा हातात घेतला, तेव्हा कपाळावरच्या केसांच्या रेषेपासून टाळूवरून मागे मोजलेली माझ्या केसांची लांबी ८४ सेंटीमीटर होती. आज ती ९१ आहे. मधल्या काळात फाटे फुटलेली टोके दोनदा मिळून जेमतेम २ सेंटीमीटर कापली, म्हणजे महिन्याला १ सेंटीमीटरहून थोडी अधिक वाढ झाली आणि ती अपेक्षेप्रमाणेच आहे. या वेळी मला सविस्तर नोंदवायचा आहे तो वेगळाच बदल : सकाळी घातलेला अंबाडा आता रात्री केस सोडेपर्यंत जागचा हलत नाही, आणि तरीही तो पूर्वीपेक्षा सैल असतो.

पहिले चार महिने मी काट्याला मोठा आकडा समजून वापरत होते. केस पिळून पिळून घट्ट वेटोळे घालायचे आणि काटा त्याच्या मधोमध वरून सरळ खाली खुपसायचा, ही माझी पद्धत. तास-दीड तासात अंबाडा मानेकडे घसरू लागे, म्हणून दुसऱ्या दिवशी मी तो आणखी आवळत असे. संध्याकाळी केस मोकळे केले की कानांमागची त्वचा इतकी हुळहुळी झालेली असे की कंगवासुद्धा लावू नये असे वाटे. हे दुखणे अंगावर काढू नये. एकाच जागच्या मुळांवर दीर्घकाळ ओढ पडत राहिली, तर तिथले केस विरळ होत जातात; वैद्यकात याला ट्रॅक्शन अॅलोपेशिया म्हणतात. ओढ वेळीच थांबवली तर केस पुन्हा येऊ शकतात, पण ती वर्षानुवर्षे चालू राहिल्यास मुळे कायमची निकामी होतात.

चूक होती ती काट्याच्या वाटेत. आता मी केस मागे गोळा करून त्यांना हलका पीळ देते, पिळाच्याच दिशेने वेटोळे घालते आणि टोक वेटोळ्याखाली सरकवून डाव्या तळव्याने अंबाडा धरून ठेवते. टोक जिथे संपले असेल तिथे, अंबाड्याच्या कडेवर, काटा उलटा टेकवते. म्हणजे दात्यांची टोके अंबाड्यापासून बाहेरच्या दिशेला असतात आणि काट्याची पोकळ बाजू डोक्याकडे नसून वर असते. त्या टोकांनी कडेची एक पातळ बट उचलायची, टोके आणखी खाली नेऊन डोक्यालगतचे थोडे केस घ्यायचे, मग वहीचे पान उलटावे तसा काटा उलटवायचा आणि दाते त्वचेलगत ठेवून अंबाड्याखालून पलीकडे सरकवायचे. पलीकडच्या कडेचे थोडे केस घेऊन टोके बाहेर आली की काम झाले. उलटल्यामुळे काट्याचा बाक आपोआप डोक्याच्या गोलाईवर बसलेला असतो.

उलटवताना एका क्षणी काटा डोक्याशी काटकोनात उभा राहतो आणि हाताला अडथळा जाणवतो. पूर्वी मी नेमकी इथेच बिचकून काटा बाहेर काढत असे. वास्तविक तो अडथळा हवाच असतो, कारण अंबाड्याची बट एका बाजूला आणि डोक्यावरचे केस दुसऱ्या बाजूला ओढले जातात, काटा त्या दोहोंमध्ये तरफेसारखा अडकतो आणि अंबाड्याचा भार मोजक्या मुळांवर न पडता काट्याखालच्या सबंध पट्ट्यावर विभागला जातो. अडथळ्याच्या जागी टोचल्यासारखे झाले, तर बट जाड घेतली गेली आहे असे समजून पुन्हा सुरुवात करावी. हा एकच झटका आत्मसात करायला मला जवळजवळ तीन आठवडे लागले, आणि आरशाकडे पाठ फिरवल्यावरच तो नीट जमला, कारण आरशात पाहून हात उलट्या दिशेला जात होते.

एका दात्याची काडी स्वतःभोवती फिरू शकते, दोन दाते फिरू शकत नाहीत. सरळ आणि निसरड्या केसांना हा फरक फार मोठा आहे. चीनमध्ये एका दात्याच्या पिनेला झान आणि दोन दात्यांच्या पिनेला चाय अशी स्वतंत्र नावे प्राचीन काळापासून आहेत, हे वाचल्यावर मला विशेष आनंद झाला होता.

मापाबद्दल. काट्याची एकूण लांबी फसवी असते. दोन दाते जिथे मिळतात त्या कमानीच्या आतल्या कडेपासून दात्याच्या टोकापर्यंतची लांबीच काय ती उपयोगाची. माझा वेटोळ्याचा अंबाडा ९ सेंटीमीटर रुंद होतो. पहिल्या काट्याची एकूण लांबी १३ आणि उपयोगाची केवळ साडेआठ होती, म्हणजे त्याची टोके पलीकडे पोहोचणे शक्यच नव्हते. सध्याच्या काट्याचे दाते ११ सेंटीमीटरचे आहेत. अंबाड्याच्या रुंदीपेक्षा दीड-दोन सेंटीमीटर जास्त, हे प्रमाण मला योग्य वाटते. त्याहून लांब काटा खुर्चीच्या पाठीला अडतो. जुना काटा मात्र वाया गेला नाही, कारण वेणी घालून बांधलेला अंबाडा साडेसात सेंटीमीटरमध्ये मावतो आणि वेणीच्या पेडांच्या खाचांत दाते उत्तम धरतात.

पाचव्या महिन्यात एक लाकडी काटा उलटवतानाच मोडला. एका कारागिराकडून हौसेने करून घेतलेला तो काटा दिसायला देखणा होता, परंतु लाकडाच्या रेषा दात्याच्या लांबीने न जाता तिरप्या गेल्या होत्या आणि दाता बरोबर त्या रेषेवरच तुटला. तेव्हापासून लाकडी काटा घेताना मी रंगाआधी रेषा पाहते.

दुसरा शोध कमानीत लागला. काटा काढताना रोज दोन-तीन केस तुटून हाती येत आणि त्या केसांना मूळ नसे, म्हणजे ते गळलेले नसून कापले गेलेले होते. दाते बोटाला गुळगुळीत लागत होते. शेवटी जुना तलम पायमोजा काट्यावरून फिरवला, तेव्हा तो दोन दाते मिळतात त्या कमानीच्या आत, एका न दिसणाऱ्या कुसळाला अडकला. पॉलिश पेपरची अरुंद पट्टी कापून ती कमानीतून दोरीसारखी मागेपुढे ओढली; आधी ४००, मग त्याहून बारीक ८००, शेवटी सर्वांत बारीक १५०० नंबर. त्यानंतर अक्रोडाच्या तेलाचे दोन पातळ हात दिले. हे तेल हवेत सुकून घट्ट होते, खोबरेल सुकत नाही, म्हणून ते इथे चालत नाही. जवसाचे तेल वापरणाऱ्यांनी तेलाची फडकी चुरगळून ठेवू नयेत, पसरून वाळवावीत. ती आपोआप तापून पेटू शकतात. आता पायमोजा अडकत नाही आणि तुटके केस हाती येत नाहीत.

ओल्या केसांना मी अजून काटा लावत नाही. ओला केस अधिक ताणला जातो आणि अधिक सहज तुटतो, शिवाय गुंडाळलेल्या अंबाड्याचा गाभा तासन्‌तास दमट राहतो आणि लाकूड फुगते ते वेगळेच.

सध्या मेजावर अक्रोडाच्या लाकडाचा तीन दात्यांचा काटा अर्धवट तयार आहे. दात्यांची लांबी साडेअकरा ठेवली आहे, रेषा सरळ आहेत आणि बाहेरची बाजू १५०० नंबरपर्यंत आली आहे. आतल्या दोन्ही कमानी अद्याप ४०० वरच आहेत. पायमोजा दोन्हींतून न अडकता जाईपर्यंत तो केसांत घालणार नाही.