मिनीव्हॅन कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी

हो, इथे अमेरिकेत, न्यू जर्सीत, आम्ही मिनीव्हॅन घेतली. टोयोटा सिएना, सात सीटची, वापरलेली. घरच्या ग्रुपवर फोटो टाकला तर अभिनंदन कमी आणि प्रश्न जास्त आले. ‘दोघांच्या संसाराला एवढी बस?’ हा एक. दुसरा सासरच्या काकांचा, आणि तो मला जास्त लागला: ‘आम्ही पाच जण एका स्कूटरवर सारसबागेत जायचो. कुणाचं काही अडलं नाही.’ काकांना मी मानते. लग्नानंतर माझ्या नोकरीच्या बाजूने घरात पहिले तेच बोलले होते. म्हणून ग्रुपवर दोन ओळींत उत्तर न देता इथे नीट लिहिते.

पहिली गोष्ट, संसार आता दोघांचा नाही. मोठी सहा वर्षांची, मधला तीनचा, आणि धाकटी गेल्या वसंतात झाली. न्यू जर्सीचा नियम असा की मूल आठ वर्षांचं होईपर्यंत किंवा ५७ इंच उंच होईपर्यंत त्याला गाडीत मागे, त्याच्या वयाच्या आणि वजनाच्या सीटमध्येच बसवायचं. दोन वर्षांखालचं आणि ३० पौंडांखालचं बाळ तर तोंड मागच्या काचेकडे करून. म्हणजे आमच्या घरात आज एकाच वेळी तीन सीट लागतात: बाळाची उलटी सीट, मधल्याची पाच पट्ट्यांची सीट आणि मोठीला उंच बसवणारा बूस्टर. मांडीवर घेऊन बसणं हा पर्यायच इथे नाही. दवाखान्यातून घरी निघताना बाळ सीटमध्ये नीट आहे ना हे नर्सने पाहिलं, तेव्हाच आम्हाला निघता आलं.

आता या तीन सीट साध्या सेदानमध्ये बसतात का? बसतात. अरुंद सीट शोधून, प्रत्येकी सतरा इंचांच्या घेऊन, एकमेकींना खेटून बसवणारी कुटुंबं इथे आहेत आणि मला त्यांचं कौतुक आहे. आमच्या शेजारणीचं तेच आहे, तीन मुलं आणि एक मध्यम गाडी. पण एक अडचण कागदावर दिसत नाही. सीट अडकवायचे खालचे हूक बहुतेक गाड्यांत मागच्या दोन कडेच्या जागांनाच असतात, त्यामुळे मधली सीट गाडीच्या पट्ट्याने आवळावी लागते. आणि बूस्टरवर बसणाऱ्या मुलीचा पट्टा रोज लावायचा असतो. त्याचं बक्कल दोन सीटांच्या फटीत जातं. सहा वर्षांच्या मुलीचा हात तिथे पोचत नाही, माझाही मनगटापर्यंत सोलून निघायचा. शाळेच्या रांगेत मागे गाड्या थांबलेल्या असताना हे रोज करायचं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल.

याच्याआधी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण गाडीबद्दलचं माझं मत तिथे पक्कं झालं. इथे अनेक पोलीस ठाण्यांत मुलांच्या सीट तपासून देतात. त्याचं रीतसर प्रशिक्षण घेतलेले लोक असतात, वेळ घ्यायची आणि गाडी घेऊन जायची, पैसे काही नाहीत. धाकटीच्या जन्माआधी आम्ही जुनी सेदान घेऊन गेलो. पन्नाशीचे, चांगले धिप्पाड अधिकारी होते. त्यांनी कमरेचा पट्टा काढून बाजूला ठेवला, मागच्या सीटवर गुडघा टेकवला, अंगाचा सगळा भार त्या सीटवर टाकला आणि पट्टा ओढला. मग जिथून पट्टा जातो तिथे धरून सीट डावी-उजवी हलवून पाहिली. एक इंचापेक्षा जास्त हलली तर सीट नीट बसली नाही असं समजायचं. उलट्या सीटच्या बाजूला एक लहानसा बुडबुडा असतो, तो खुणेच्या आत आला की कोन बरोबर. मधल्याला सीटमध्ये बसवून त्यांनी त्याच्या खांद्यावरचा पट्टा चिमटीत पकडायला मला सांगितलं. चिमटीत पट्टा आला तर ढिला आहे. छातीवरची क्लिप काखेच्या रेषेत हवी, पोटावर नको. आणि थंडीत जाड जॅकेट घालून मुलाला पट्टा लावायचा नाही, कारण अपघातात जॅकेटमधली हवा दबते आणि पट्टा तेवढाच सैल होतो.

हे सगळं त्यांनी न कंटाळता दाखवलं. माझ्याकडून करून घेतलं. घाम पुसत उठले आणि म्हणाले, तीन सीट बसतील, पण मधली रोज तपासा. गणवेशातला माणूस माझ्या मुलासाठी गुडघ्यावर बसलेला मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. या देशाबद्दल माझ्या तक्रारी पुष्कळ आहेत, विम्याची बिलं काढून बसले तर आणखी दहा लेख होतील, पण त्या दुपारी मी मनातल्या मनात हात जोडले.

काकांच्या स्कूटरकडे येते. तेव्हा पर्याय नव्हता, रस्ते वेगळे होते, वेग वेगळा होता. त्या पिढीने स्कूटरवर संसार ओढला, मुलं शिकवली, त्याला मी कमी लेखत नाही. माझे बाबाही मला स्कूटरवर पुढे उभं करून शाळेत सोडायचे. पण ‘काही झालं नाही’ हे त्यांचंच म्हणणं असतं ज्यांना काही झालं नाही. आणि कायद्याचं म्हणाल तर आता आपल्याकडेही तो आहे. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालचं मूल गाडीत पट्ट्याविना किंवा सीटविना बसवलं तर हजार रुपये दंड आहे. दुचाकीवर चार वर्षांखालच्या मुलाला हार्नेस आणि हेल्मेट सांगितलंय, वेग ताशी चाळीसच्या आत. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री गाडीच्या अपघातात गेले तेव्हा मागे बसलेल्या दोघांनी पट्टा लावला नव्हता असं पोलिसांनी सांगितलं होतं. महागडी गाडी होती ती. त्या आठवड्यात सगळ्यांनी मागचे पट्टे लावले असतील, पुढे किती जणांनी लावले? मी पुण्याला आले की टॅक्सीत मागच्या पट्ट्याचं बक्कल सीटखाली गेलेलं असतं आणि ते शोधायला लागले की ‘अमेरिकेहून आलीये’ अशी नजर मिळते. ती नजर मी आता सहन करते.

तरी मला एवढंच म्हणायचं नाही. आपल्याकडे लहान गाडी पुरते याचं खरं कारण गाडीत नाही, गाडीबाहेर आहे. पुण्यात आठ जण जेवायला निघाले तर पाच गाडीत बसतात, दोघं रिक्षा करतात, एक जण दुचाकीवर पुढे जाऊन टेबल धरतो. मावशी कोथरूडहून आपली आपण येते. रात्री उशीर झाला तर चुलतभाऊ सोडायला येतो. म्हणजे कुटुंबाची गाडी अख्ख्या शहराएवढी असते. इथे उपनगरात रिक्षा नाही, आमच्या वस्तीत बस नाही, फुटपाथ मध्येच संपतो. गाडीत जितक्या जागा, तितकीच माणसं घराबाहेर पडणार. बाकीची घरी.

आणि घरी कोण राहतं? आई-बाबा. आपल्या लोकांचं हे गणित इथल्या लोकांना पटकन कळत नाही. शेजारणीचे आई-वडील पेनसिल्व्हेनियातून स्वतःची गाडी चालवत येतात, जेवतात, संध्याकाळी परत जातात. तिला तिसरी रांग कशाला लागेल? आमच्याकडे बाळंतपणाला आई-बाबा येतात ते सहा महिन्यांसाठी. ते गेले की सासू-सासरे. त्यांना इथे गाडी चालवता येत नाही, एकट्याने कुठे जाता येत नाही. मोठीच्या वेळी, घरात एकच मूल होतं तेव्हा, आम्ही पाच जण सेदानमध्ये मावत होतो. मधला झाला त्या वेळी बाबा दर शनिवारी म्हणायचे, ‘तुम्ही जाऊन या, मला मॅच बघायचीय.’ त्यांना मॅच बघायची नसायची. जागा नाही हे त्यांना दिसत होतं. ओक ट्री रोडला जिलबी खायला, ब्रिजवॉटरच्या बालाजीला, रॉबिन्सव्हिलचं अक्षरधाम बघायला, प्रत्येक वेळी कुणीतरी एक मागे राहायचं नाहीतर दोन गाड्या काढायच्या. इतक्या लांबून आलेल्या माणसाला खिडकीशी बसवून आपण फिरायला जायचं, हे मला पटत नाही. माझ्यासाठी मिनीव्हॅनचा निर्णय इथे झाला. मुलांची संख्या हे फक्त निमित्त.

मग एसयूव्ही का नाही, हा पुढचा प्रश्न, आणि तो मुख्यतः इथल्या मराठी मित्रांचा. तीन रांगांच्या एसयूव्ही दिसायला दणकट असतात, नवऱ्यालाही तीच हवी होती. आम्ही टोयोटाचीच हायलँडर पाहिली. तिच्यात तिसरी रांग आहे, पण मधल्या रांगेत बाळाची सीट बसवलेली असताना मागे जायचं कसं? बहुतेक एसयूव्हींत मधली सीट पुढे पाडून वाट करावी लागते आणि मुलांची सीट लावलेली असेल तर ती पाडता येत नाही. गेलं तरी तिथली बैठक जमिनीलगत, गुडघे छातीशी येतात. माझ्या आईच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. तिने त्या गाडीत पाय वर टाकताना दाराची कड पकडली, तेव्हाच मी सेल्समनला ‘थँक यू’ म्हटलं. आणि तिसरी रांग वापरात असताना हायलँडरच्या डिकीत १६ घनफूट जागा उरते. सिएनात ३३.५. भारतातून येणाऱ्या दोन माणसांच्या चार बॅगा, प्रत्येकी तेवीस किलोच्या, कुठल्या डिकीत मावतील ते सांगायला नको.

सिएनाला मध्ये दोन सुट्या खुर्च्या आणि त्यांच्यामधून वाट. दोन्ही धाकटी त्या दोन खुर्च्यांत, त्यांच्यामधून आई वाकून पण चालत मागे जाते, मोठीशेजारी बसते. मागे पाय सोडायला खोलगट जागा आहे. मीही मागे, बाबा पुढे नवऱ्याशेजारी. सात माणसं, कुणीही कुणाच्या मांडीवर नाही.

आणि ती सरकती दारं! ज्यांनी मारुती व्हॅनमधून शाळा केली त्यांना सरकत्या दाराचं नवल नाही. इथे त्याची किंमत जानेवारीत कळते. बर्फ पडून गेलेला, दुकानाच्या पार्किंगमध्ये शेजारची गाडी हातभर अंतरावर. साधं दार अर्धंच उघडतं, आपण अर्धे बाहेर, पाठीवर वारा, आणि मुलाचं जॅकेट काढून पट्टा लावायचा कारण जॅकेटसकट लावायचा नाही. मिनीव्हॅनमध्ये मी मुलांसकट आत शिरते, बटण दाबून दार लावते, आणि आत उबेत, वाकून का होईना, जॅकेटं काढते, पट्टे लावते, चिमटीने तपासते. मग बटण दाबून उतरते आणि दोन पावलांत चालकाच्या सीटवर जाते. पट्टे लावताना वाऱ्यात उभं राहावं लागत नाही. ज्याने ही गाडी आखली त्याने कधीतरी थंडीत मुलं वाहिली असणार.

या गाड्यांचा इतिहासही मला आवडला. क्रायस्लर कंपनी बुडता बुडता सरकारी हमीच्या कर्जावर वाचली होती. फोर्डने काढून टाकलेले ली आयकोका तिचे प्रमुख होते, आणि नोव्हेंबर १९८३ मध्ये कॅनडातल्या विंडसरच्या कारखान्यातून पहिली मिनीव्हॅन बाहेर आली. साध्या घराच्या गॅरेजमध्ये मावेल अशी व्हॅन, हा त्यामागचा विचार. सुरुवातीला सरकतं दार एकाच बाजूला होतं, चालकाच्या बाजूचं १९९६ च्या मॉडेलपासून मिळू लागलं. २००० च्या सुमारास या गाड्यांची विक्री शिखरावर होती, मग लोक एसयूव्हीकडे वळले. सोय कमी पडली म्हणून नाही. ही ‘आईची गाडी’ असा शिक्का बसला म्हणून. आईची गाडी असण्यात कमीपणा काय आहे, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

आता खर्च, कारण ‘डॉलर कमावता, तुम्हाला काय’ हेही कुणीतरी म्हणणारच. नवी सिएना चाळीस हजार डॉलरच्या आसपास सुरू होते. तेवढं आम्हाला झेपणारं नव्हतं, म्हणून वापरलेली घेतली, आणि तिलाही हप्ते आहेत. तिघांपैकी दोघांचं पाळणाघर सुरू झालं की त्या हप्त्यांचा विचार रोज करावा लागेल. पण २०२१ च्या मॉडेलपासून सिएना फक्त हायब्रिड येते, गॅलनला ३६ मैल, म्हणजे लिटरला पंधरा किलोमीटर. होंडाची मिनीव्हॅन ओडिसी गॅलनला २२ मैलांवर थांबते. सतरा फुटी गाडीला आमच्या जुन्या सेदानपेक्षा कमी पेट्रोल लागतं, हे मी सासऱ्यांना आकडे देऊन सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा गप्प झाले आणि मग ‘इनोव्हापेक्षा किती लांब?’ विचारू लागले. इनोव्हा हायक्रॉसपेक्षा सव्वा फुटाहून थोडी जास्त.

दोन मुलं असतील आणि आई-बाबा वर्षाआड तीन महिने येत असतील तर मिनीव्हॅन घेऊ नका, हे मी इथल्या मैत्रिणींनाही सांगते. ते असताना ज्या दोन-चार शनिवार-रविवारी लांब जायचंय तेवढ्यापुरती भाड्याने मिळते, वर्षभराच्या विम्यापेक्षा ते स्वस्त पडतं. तिसरं मूल असेल आणि मोठं आठ वर्षांच्या पुढे गेलेलं असेल, तरीही मध्यम गाडीत भागतं. तिघंही सीटच्या वयाची आणि घरात सहा महिने मोठी माणसं, अशी वेळ असेल तरच घ्या.

घ्यायला जाल तेव्हा मुलांच्या सगळ्या सीट सोबत न्या आणि शोरूममध्येच बसवून बघा. आई असेल तर तिला तिसऱ्या रांगेत चढायला-उतरायला सांगा, तेही बाळाची सीट काढून न ठेवता. काही डीलर कुरकुर करतात, घाई करतात, ‘सगळ्या बसतात हो’ म्हणतात. त्यांना सांगायचं, बसवून दाखवा. नाही दाखवलं तर किल्ली परत द्यायची आणि पुढच्याकडे जायचं.